सवलत द्यायचीच असेल तर ती सभागृहात द्या : मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत आणि मंत्रिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
गोवा राज्य, पर्वरी.

विषय : कॅसिनो चालकांच्या कर आणि शुल्क सवलतीच्या मागण्या

महोदय,

मी पणजीत राहणारा, आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासून संसार चालवलेला एक निवृत्त लेखापरीक्षक आहे. जुगाराबद्दल माझे वैयक्तिक मत काय आहे, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही आणि मांडवी नदीतील कॅसिनो जहाजे उद्याच्या उद्या हटवा, अशी अव्यवहार्य मागणीही करत नाही. या व्यवसायाकडून सवलतीची मागणी येते, तेव्हा ती कोणत्या आकड्यांवर तोलली जाते, कोण तोलतो आणि त्या बदल्यात राज्याच्या पदरात काय पडते, एवढाच माझा प्रश्न आहे. माझ्या व्यवसायात ज्या सुटीची नोंद वहीत सापडत नाही तिच्याकडे आम्ही संशयाने पाहतो, आणि ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील वस्तू आणि सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. एवढी वाढ झाल्यावर या व्यवसायाने राज्य सरकारच्या दारी येऊन ‘निदान परवान्याचे वार्षिक शुल्क तरी कमी करा’ म्हणणे स्वाभाविकच आहे. ही मागणी आपल्यापर्यंत आली असेल वा यायची असेल. तिच्यात तथ्याचा अंश मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही.

कराचा दर एक वेळ बाजूला ठेवू. खरी अडचण तो कशावर मोजला जातो, यात आहे. समजा, पुण्याहून आलेल्या एका पर्यटकाने १०,००० रुपयांच्या चिप्स, म्हणजे खेळात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेतल्या, रात्रभरात तो २,००० रुपये हरला आणि उरलेल्या ८,००० रुपयांच्या चिप्स खिडकीवर परत देऊन हॉटेलवर गेला. कॅसिनोची त्या गिऱ्हाइकावरची कमाई २,००० रुपये झाली. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या पद्धतीनुसार कर मोजायचा तो चिप्सच्या पूर्ण खरेदीवर, आणि परत केलेल्या चिप्सची रक्कम त्यातून वजा होत नाही. म्हणजे आजच्या दराने कर ४,००० रुपये, कमाईच्या दुप्पट. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा की पदरचा भरायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मकावमध्येही सरकारचा एकूण वाटा सुमारे ४० टक्केच आहे आणि तो मोजला जातो खेळाडूंची जिंकलेली रक्कम चुकती केल्यानंतर उरलेल्या उत्पन्नावर, हे सांगितले म्हणजे दोन ‘चाळीस’मधले अंतर लक्षात येते. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये मांडवीत जहाजे चालवणाऱ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीला आणि तिच्या उपकंपन्यांना जुलै २०१७ ते मार्च २०२२ या जुन्या काळासाठी मिळून १६,००० कोटी रुपयांहून अधिक कराच्या नोटिसा आल्या. कराचा अर्थ सहा वर्षांनी नव्याने लावून मागची वसुली काढणे मला हिशेबनीस म्हणून पटत नाही, मग समोर कॅसिनो असो वा किराणा दुकान.

परंतु ही तक्रार पर्वरीच्या दारी सुटणारी नाही. ती वस्तू आणि सेवा कर परिषदेची बाब आहे, आणि तिथे गोव्याचा आवाज पोहोचलेला आहे. मेघालयाचे मुख्यमंत्री कॉनराड संगमा यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटात आपले मंत्री माविन गुदिन्हो सदस्य होते. २ ऑगस्ट २०२३ च्या परिषदेच्या बैठकीत गोवा आणि सिक्कीम यांनी कर एकूण खेळ-उत्पन्नावर, म्हणजे जिंकणाऱ्यांना चुकते केल्यावर उरलेल्या कमाईवर, असावा, अशी भूमिका घेतली. ती मान्य झाली नाही. पुन्हा मांडायची असेल तर आपण जरूर मांडावी, आणि हिशेबाचा हा मुद्दा मी आपल्या बाजूने लिहून देईन. दिल्लीत न मिळालेली सूट पणजीत वार्षिक शुल्कातून भरून देणे, याला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्याचे कारण त्या शुल्काच्या स्वरूपात आहे.

१९७६ चा आपला कायदा, गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, हा मुळात जुगाराला मनाई करणारा कायदा आहे. १९९२ मध्ये त्यात कलम १३-अ घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली. १९९६ मध्ये टेबलावरचे खेळ आणि जहाजांवरचा जुगार त्यात आला. म्हणजे मनाई कायम आहे, आणि काही मोजक्यांना पैसे घेऊन त्या मनाईतून वगळलेले आहे. शुल्क भरणे ही त्या वगळणुकीची अट आहे. २०१८ च्या रचनेनुसार २०० प्रवाशांपर्यंतच्या जहाजाला वर्षाला २५ कोटी, २०० ते ४०० पर्यंत ३० कोटी आणि त्यापुढे ४० कोटी रुपये, असे त्याचे टप्पे ठरले. हा नफ्यावरचा कर नव्हे. जो गुन्हा इतरांनी केल्यास पोलीस पकडून नेतात, तोच व्यवसाय म्हणून करण्याच्या विशेष अधिकाराची ही किंमत आहे, आणि तो अधिकार घ्यावा की न घ्यावा हे ठरवण्याची मुभा घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आहे. धंदा मंदावला म्हणून ही किंमत कमी करायची, तर धंदा तेजीत असताना ती आपोआप का वाढली नाही, हाही प्रश्न विचारावा लागेल. त्या रचनेतला शेवटचा टप्पा पाहा : ४०० च्या वर सगळे सारखेच. ४०१ माणसांचे जहाज आणि हजार माणसांचे जहाज एकाच रकमेत. ही कोणी न मागता मिळालेली सवलत नव्हे काय?

(कायदा एकच, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. आमच्या गावच्या जत्रेत काल्याच्या रात्री कोपऱ्यात गडगड्याचा, म्हणजे जत्रेतल्या जुगाराचा, पट मांडणारा माणूस याच १९७६ च्या कायद्याखाली पोलिसांना भितो. त्याच्यासाठी कलम १३-अ नाही.)

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सरळ शुल्कमाफी मागणे कानाला बरे वाटत नाही. म्हणून अशा चर्चांमध्ये एक समंजस वाटणारा पर्याय पुढे येतो : ठरावीक शुल्क नको, कमाईचा हिस्सा घ्या, कमाई वाढली तर राज्याला जास्त, कमी झाली तर कमी. तत्त्व म्हणून यात खोट काढता येणार नाही, जगात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. तरीही आजच्या गोव्यात ही सगळ्यांत धोकादायक सवलत ठरेल, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो, कारण ठरावीक शुल्क आणि कमाईचा हिस्सा यांत मुख्य फरक विश्वासाचा आहे. ठरावीक शुल्क वसूल करायला जहाजाची प्रवासी क्षमता माहीत असली की पुरते. ती नोंदणीच्या कागदावर असते, जहाज डोळ्यांना दिसते, आणि चालकाच्या वह्यांवर सरकारला एक पैशाचाही विश्वास टाकावा लागत नाही. कमाईचा हिस्सा घ्यायचा तर आधी कमाई किती, हे कळले पाहिजे.

ती कशी कळते? टेबलावरच्या खेळात प्रत्येक डावाची पावती फाटत नाही. दिवसाच्या सुरुवातीला टेबलावर किती चिप्स होत्या, मध्ये किती आणल्या, किती परत नेल्या, शेवटी किती उरल्या आणि पेटीत रोकड किती जमली, या पाच आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून त्या टेबलाची कमाई काढावी लागते. यातला एक आकडा बदलला की उत्तर बदलते आणि मागाहून कागदावर काहीच चुकीचे दिसत नाही. म्हणून पेटी उघडताना, चिप्स आणता-नेताना आणि मोजताना बाहेरचा, पगार सरकारकडून घेणारा माणूस हजर असावा लागतो. चित्रीकरण त्याच्या हाती असावे लागते. यंत्रांचे मोजमाप थेट नियामकाच्या संगणकावर पडावे लागते. मी लहानसहान हॉटेलांचे हिशेब तपासले आहेत, आणि साध्या बारच्या खपाचा ताळा जुळवतानासुद्धा रिकाम्या बाटल्या मोजायची वेळ माझ्यावर आली आहे. रात्रभर चालणाऱ्या, नदीच्या मध्यात उभ्या असलेल्या जहाजावरच्या डझनावारी टेबलांची कमाई वर्षातून एकदा आलेल्या ताळेबंदावरून समजेल, असे मानायला मी तयार नाही.

अशी देखरेख करणारी यंत्रणा गोव्यात आहे का? परवाने गृह खात्याकडून मिळतात. जहाजे बंदर कप्तान खात्याच्या अखत्यारीत येतात. गेमिंग आयुक्ताची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, आणि ती प्रत्यक्षात उतरायला २०२० साल उजाडले. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली आणि आयुक्तपद व्यावसायिक कर आयुक्तांकडे सोपवले गेले. त्या अधिकाऱ्यांच्या क्षमतेबद्दल मला काही म्हणायचे नाही. ज्याने राज्यभरचा कर गोळा करायचा त्यानेच टेबलावरच्या चिप्स मोजायच्या आणि दारात उभे राहून गोमंतकीय कोण, पर्यटक कोण हेही पाहायचे, ही रचना मात्र टिकाऊ नाही. वसुली करणाऱ्याचे हित जास्त खेळ होण्यात असते आणि नियामकाचे हित नियम पाळले जाण्यात असते. ही दोन्ही कामे एका खुर्चीवर बसली की कोणते काम मागे पडते, हे सरकारी नोकरीत दहा वर्षे काढलेला कोणताही कारकून सांगू शकेल. म्हणून स्वतंत्र, स्वतःचे कर्मचारी असलेला नियामक उभा राहून त्याची दोन वर्षांची आकडेवारी हाती येईपर्यंत ठरावीक शुल्काला हात लावू नये, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरा विषय मुदतवाढीचा. ही सवलत आहे, हे आपण मान्य कराल की नाही, ठाऊक नाही. मांडवीतील जहाजांना नदीत राहण्याची परवानगी मंत्रिमंडळ वर्षानुवर्षे सहा-सहा महिन्यांनी वाढवत आले आहे. दर वेळी ‘तात्पुरती’, दर वेळी ‘पर्यायी जागा मिळेपर्यंत’. पर्यटनाच्या मोसमात दयानंद बांदोडकर मार्गावरून संध्याकाळी घरी परतणाऱ्या पणजीकराला या तात्पुरतेपणाची किंमत रोज कळते, आणि पहाटे जेट्टीजवळून फिरायला जाणाऱ्या माझ्यासारख्यालाही. आपल्या पक्षाने २०१२ पूर्वी विरोधी बाकांवरून याच जहाजांविरुद्ध आंदोलन केले होते, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्या वेळी मांडलेली कारणे आजही तशीच आहेत, एवढेच निदर्शनास आणतो. पुढे मोपा विमानतळ झाल्यावर कॅसिनो तिकडे, जमिनीवर, नेण्याचे बोलले गेले. विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. जहाजे मांडवीतच आहेत, आणि धारगळ-पेडण्याच्या लोकांना त्यांच्या गावात काय येणार आहे, याची वेगळीच धास्ती आहे. जुलै २०१७ मध्ये ऐन पावसाळ्यात एक कॅसिनो जहाज मिरामारच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतले होते, त्यानंतर तरी नदीचे मुख आणि ही जहाजे यांचा नीट विचार होईल, असे आम्हाला वाटले होते.

सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. ज्याला सहा महिन्यांनी पुन्हा दारात यायचे आहे तो चालक दीर्घकालीन गुंतवणूक करत नाही, आणि ज्याला सहा महिन्यांनी पुन्हा सही करायची आहे ते सरकार कठोर अट घालत नाही. वर्षातून दोनदा या दोघांची भेट होते, आणि त्या भेटीत काय ठरले ते जनतेला दोन ओळींच्या आदेशातून कळते. चालकांनाही ही अनिश्चितता नको असावी. त्यांना निश्चितता द्या, पण तिच्या मोबदल्यात मांडवी सोडण्याची तारीख लिहून घ्या.

मोबदला कसा घेतात, याचे उदाहरण सिंगापूरने २०१९ मध्ये घालून दिले. तिथल्या दोनच कॅसिनो-संकुलांना २०३० अखेरपर्यंत तिसरा प्रतिस्पर्धी येणार नाही, अशी हमी आणि विस्ताराची परवानगी मिळाली. बदल्यात दोघांनी मिळून सुमारे ९०० कोटी सिंगापूर डॉलरच्या गुंतवणुकीची जबाबदारी घेतली, कराचे दर २०२२ पासून वाढवण्याचे त्याच वेळी ठरले, आणि स्थानिक नागरिकांना दारात भरावे लागणारे दिवसाचे शुल्क १०० वरून १५० डॉलर झाले. देणे आणि घेणे एकाच दिवशी, एकाच कागदावर. आपल्याकडे द्यायचे ते आदेशातून दिले जाते आणि घ्यायचे ते भाषणात राहते.

कोविडच्या वेळी हेच झाले. मार्च २०२० मध्ये बंद झालेले कॅसिनो १ नोव्हेंबरला उघडले, पुढच्या वर्षी पुन्हा बंद होऊन २० सप्टेंबर २०२१ ला सुरू झाले. बंद असताना पूर्ण शुल्क मागणे कठोर आहे, हे मला मान्य आहे, आणि तसे ठरवायचे असते तर नियम करून ठरवता आले असते : सरकारी आदेशाने जितके दिवस बंद, तितक्या दिवसांची वजावट. ते न झाल्यामुळे त्या काळच्या शुल्काचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आजही तसा नियम करायला हरकत नाही. उलट चालकांच्या रास्त मागण्यांपैकी ती पहिली मानावी. मात्र सरकारी बंदी वेगळी आणि गिऱ्हाईक रोडावणे वेगळे. म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक कमी झाले म्हणून त्याचे शुल्क कोणी कमी करत नाही, आणि त्याने कर भरायला उशीर केला तर १८ टक्के व्याज लागते.

रोजगाराचा मुद्दा चालक नक्की मांडतील, आणि तो खराही आहे. पत्ते वाटणारे, स्वयंपाकी, नावाडी, सफाई कामगार यांत गोव्याची मुले-मुली आहेत. मग त्यांची संख्या, त्यांचे पगार आणि त्यांतले कायम किती, कंत्राटी किती, हे भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून सरकारने स्वतः तपासून जाहीर करावे. मागणी करणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर मागणी मंजूर होऊ नये, एवढेच.

शेजारच्या महाराष्ट्राची एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या कॅसिनोंत येणारे कितीतरी पाहुणे मुंबई, पुणे आणि कोल्हापूरकडचे असतात. ज्या १९७६ साली आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा झाला, त्याच साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा आणि त्यांच्यावर कर लावणारा कायदा केला. तो कधी अमलात आलाच नाही; २०२३ मध्ये तो रद्द करण्याचे पाऊल त्या राज्याने उचलले. आपला बंदीचा कायदा मात्र एका कलमाच्या वाटेने देशातल्या कॅसिनोंचे माहेरघर झाला. महाराष्ट्राने दार लावून घेतल्यामुळे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यामुळे गोव्याच्या परवान्याचे दुर्मीळपण वाढले आहे. दुर्मीळ वस्तूची किंमत कमी करण्याचा आग्रह विकत घेणारा धरेल. विकणाऱ्याने तो का मानावा, याचे उत्तर वित्त खात्याने द्यावे.

ते उत्तर कुठे द्यायचे, हेही सांगतो. केंद्राच्या अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे सोडून द्याव्या लागलेल्या महसुलाचे विवरण गेली अनेक वर्षे जोडले जाते. गोव्याच्या अर्थसंकल्पाला कॅसिनोंपुरते तसे एक पान जोडणे अवघड नाही : कोणत्या परवानाधारकाचे किती शुल्क देय होते, किती आले, किती लांबवले, किती सोडले, कोणत्या आदेशाने आणि कोणत्या अटीवर. हे पान सभागृहासमोर येऊ द्या. त्यावर आमदारांनी बोलावे, चालकांनीही आपली बाजू उघडपणे मांडावी. तिथे बहुमताने सवलत मंजूर झाली तर माझ्यासारखा माणूस ती मान्य करील, आवडली नाही तरी.

आणि तोवर एक छोटी गोष्ट आपल्या हातात आहे. मांडवीतील जहाजांच्या पुढच्या मुदतवाढीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे जाण्याच्या किमान ३० दिवस आधी त्याची टिप्पणी, शुल्काच्या थकबाकीच्या तक्त्यासह, मराठीत आणि कोकणीत जाहीर करावी. पणजी, रायबंदर आणि बेतीच्या लोकांच्या हरकती लेखी घ्याव्यात आणि त्या प्रस्तावासोबत मंत्रिमंडळासमोर ठेवाव्यात. माझी हरकत मी तयार ठेवली आहे. तीत वर दाखवलेल्या पाच आकड्यांचा तक्ता असेल, आणि तो भरून देण्याची विनंती असेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
पणजी